जुन्या मोटारीचा खडखडाट : निदान आणि उपचार



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोकांनी एकत्र जमावे आणि चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात, हा परिपाठ महाराष्ट्रात रुजला. अशा व्यासपीठावर संतवाङ्मय असते, इतिहास असतो, शेतीचे आणि समाजाचे प्रश्न असतात. त्या पंक्तीत जुन्या मोटारीच्या खडखडाटालाही एक पाट मांडावा, हे आमचे म्हणणे संयोजकांनी मान्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. विषय तेलकट आहे खरा, पण क्षुल्लक नाही.

धनजसारख्या गावात नव्या कोऱ्या मोटारी थोड्या आणि जुन्या पुष्कळ. पुण्यामुंबईला किंवा नागपुरास आठ-दहा वर्षे चाललेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातून आपल्याकडे येते. इथे ती हौसेची वस्तू राहत नाही. अपरात्री बाळंतिणीला कारंज्यास किंवा अमरावतीस न्यावयाचे असते, मुलीला परीक्षेला पोहोचवावयाचे असते, लग्नाचे वऱ्हाड हलवावयाचे असते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे म्हातारी गाडी रस्त्यावर चालविण्यास कायद्याची ना नाही. परंतु तपासणी होते त्या दिवशी गाडी कशी होती, एवढेच तो कागद सांगतो. आज सकाळी ती कशी आहे, हे पाहण्याचे काम मालकाचेच.

हे काम अलीकडे अधिक जोखमीचे झाले आहे. आपल्या कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरीपुढचा अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. या रस्त्यावर सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. आता हिशेब पाहा. गावच्या रस्त्याने ताशी ४० ने जाणारी गाडी या रस्त्यावर १२० ने धावू लागली, तर वेग तिप्पट होतो. पण तिच्या अंगी साठलेली गतीची शक्ती तिप्पट होत नाही, नऊपट होते. चाळिसाच्या वेगात एखादा झिजलेला सांधा सुटला तर गाडी रस्त्याकडेला बसेल आणि दिवस वाया जाईल. एकशेवीसच्या वेगात तोच सांधा सुटला तर काय होईल, ते बोलून दाखविण्याची गरज नाही. आणि हा सांधा सुटण्यापूर्वी बहुधा काही आठवडे बोलत असतो. ते बोलणे समजून घ्यावयाचे कसे, हा आजचा विषय.

आपल्या वऱ्हाडात एक म्हण आहे : रोग हाल्याला आणि औषध पखालीला. पाणी वाहणारा हाल्या आजारी, आणि उपचार चालला आहे त्याच्या पाठीवरच्या पखालीवर! मोटारीच्या खडखडाटाबाबत आपण नेमके हेच करतो. पुढून आवाज आला की मालक गॅरेजात जातो आणि सांगतो, "मिस्त्री, शॉकअप बदला." मिस्त्री बदलून देतो. चार दिवसांनी आवाज पुन्हा सुरू. मग दुसरा भाग, मग तिसरा. शेवटी कळते की दोष एका रबरी बुशात होता आणि त्याची किंमत शॉकअपच्या मानाने नगण्य होती. यात मिस्त्रीचा दोष किती आणि आपला किती, याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

प्रथम गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये काय असते, ते पाहू या. इंग्रजीत याला सस्पेन्शन म्हणतात. त्याचे भाषांतर 'निलंबन' असे करावे, तर कोणा कारकुनाची नोकरी गेली असे वाटेल. म्हणून आम्ही सस्पेन्शन हाच शब्द ठेवतो. बैलगाडीत हा प्रकार नव्हता. चाक खड्ड्यात गेले की धक्का आसातून थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. मोटारीत मध्ये चार गोष्टी घातल्या आहेत. पहिली स्प्रिंग : ती गुंडाळीची असेल किंवा पाट्यांची. गाडीचे वजन पेलणे आणि धक्का गिळणे हे तिचे काम. दुसरी शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे आपला शॉकअप. पुष्कळांची समजूत अशी की शॉकअप गाडीचे वजन पेलतो. तसे नाही. दबलेली स्प्रिंग सुटली की झोपाळ्यासारखी वर-खाली होत राहील. तिचे झोके आवरणे हे शॉकअपचे काम. त्याच्या आत तेल असते, ते बारीक छिद्रांतून दाबले जाते आणि झोक्याची शक्ती उष्णतेत जिरते. तिसरी गोष्ट बुश, म्हणजे धातू धातूवर आपटू नये म्हणून सांध्यात बसविलेली रबराची गादी. आणि चौथी बॉल जॉइंट, किंगपिन यांसारखे सांधे, ज्यांच्यामुळे चाक वर-खाली होते आणि वळते. खडखडाट या चौघांपैकी कोणाचा, हे ठरविणे म्हणजे निदान.

गाडीगणिक यांची मांडणी निराळी असते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट, जिच्या जुन्या रूपाला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत, तिला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे होते. तिचीच वंशज पद्मिनी. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अ‍ॅम्बॅसेडरला मागे पाटे आणि पुढे पीळ खाणारे पोलादी दांडे होते. जुन्या जीपला चारही चाकांना पाटे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र गुंफलेला खांब, ज्याला स्ट्रट म्हणतात, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे तीच रचना आहे. फियाट-अ‍ॅम्बॅसेडरच्या काळी सांध्यांना ग्रीसची बोंडे असत आणि ठराविक मैलांना ग्रीस भरावेच लागे. नव्या गाड्यांचे सांधे बंदिस्त आले, ग्रीस भरण्याची कटकट गेली. पण त्या निमित्ताने मिस्त्री दर दोन-तीन महिन्यांनी गाडीखाली डोकावत असे, ते डोकावणेही गेले.

आपल्या भागात या सांध्यांवर ताण अधिक पडतो, याला आपली जमीनही कारण आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दरसाल थोडा उचलला जातो आणि थोडा खचतो. म्हणून खड्डा नसलेल्या ठिकाणीही गाडी लाटेवरून गेल्यासारखी डोलते. त्यात वैशाख-ज्येष्ठाचे ऊन. रबर नुसत्या वापराने झिजत नाही. ऊन, हवा आणि वय यांनी ते कडक होते, चिरते. म्हणून "गाडी फार चालली नाही" हे जुन्या गाडीचे प्रशस्तिपत्र मानू नये. वर्षभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीचे बुशही म्हातारे होत असतात.

आता आवाजांकडे वळू. मराठी भाषा ध्वनिवाचक शब्दांनी समृद्ध आहे, आणि निदानाच्या कामी ही संपत्ती फार उपयोगी पडते. "गाडी वाजते" एवढेच मिस्त्रीला सांगू नका. कशी वाजते ते सांगा.

हळू वेगात, बारीक खडीवरून जाताना जलद 'खटखट' होत असेल, तर पुढील आडव्या स्टॅबिलायझर दांड्याची लिंक, तिचे बुश किंवा शॉकअपच्या वरच्या टोकाची बैठक यांवर संशय घ्यावा. ब्रेक लावताना किंवा गाडी सुटताना एकच 'ठक्' वाजत असेल, तर खालच्या आर्मचे बुश सैल झाले असावेत. पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट ढिले असावेत. झोपाळ्याच्या कड्यांसारखी 'करकर' ही कोरड्या रबराची, गंजलेल्या पाट्यांची किंवा ग्रीस संपलेल्या बॉल जॉइंटची भाषा. मोठ्या खड्ड्यात खोल 'धप्' होणे म्हणजे शॉकअप निकामी झाला किंवा टोकाचा धक्का झेलणारी रबरी गादी नाहीशी झाली. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरविताना 'टण्' असा आवाज येऊन स्प्रिंग उडी मारत असेल, तर स्ट्रटच्या माथ्यावरील बेअरिंग किंवा तुटलेली स्प्रिंग पाहावी.

काही आवाज सस्पेन्शनचे वाटतात पण नसतात. जात्यासारखी 'घरघर' वेगाबरोबर वाढत असेल, तर ते चाकाचे बेअरिंग किंवा टायर. दोहोंत भेद असा : रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो, तो टायर, उजवीकडे वळताना वाढतो, तो बहुधा डाव्या चाकाचे बेअरिंग, कारण वळणावर वजन बाहेरच्या चाकावर जाते. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत वळण घेत वेग वाढविताना 'कटकट' आली, तर तो ॲक्सलचा सांधा. खडीवरची खटखट ब्रेकच्या पायपट्टीवर हलकेच पाय ठेवताच थांबली, तर ब्रेकचे पॅड हलत आहेत. आणि सर्वांत आधी डिकी रिकामी करावी. जॅक, पाने आणि जादा चाक यांनी आजवर पुष्कळ शॉकअपांवर खोटे आळ आणले आहेत.

आवाज कोणत्या कोपऱ्यातून येतो, हे ठरविणे कठीण. कारण पोलादी सांगाड्यातून नाद दूरवर पोहोचतो आणि डावीकडचा ठोका उजवीकडे ऐकू येतो. उपाय सोपा आहे. ओळखीचा खराब रस्ता निवडावा, काचा उघडाव्यात, ताशी पंधरा-वीसच्या वेगाने एखाद्या लांब भिंतीच्या कडेने जावे आणि मग उलट दिशेने यावे. भिंत आवाज परत फेकते. शक्य तर मागे दुसऱ्या कोणास बसवावे. भगिनींना आमची मुद्दाम विनंती आहे : चालविणाऱ्याला रोजच्या आवाजाची सवय झालेली असते, मागे बसणाऱ्याचे कान ताजे असतात. "काहीतरी वाजतेय" असे आपण म्हणाल आणि चालक "तसेच असते" म्हणेल, तर त्याचे ऐकू नका.

यानंतर गाडी उचलून तपासणी. येथे पहिला नियम जिवाचा : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जमीन सपाट आणि टणक असावी, उरलेल्या चाकांना उटी लावावी, आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. विटांवर टेकवू नये. वीट इशारा न देता फुटते.

चाक अधांतरी झाले की ते वर आणि खाली दोन हातांनी धरून हलवावे. ढिलाई जाणवली, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरावयास सांगावे आणि पुन्हा हलवावे. ढिलाई नाहीशी झाली, तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली, तर बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा. मग चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवावे; तेथील ढिलाई बहुधा स्टिअरिंगच्या टाय रॉडची असते. एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, तेथे त्या आर्मखाली जॅक लावून उचलले पाहिजे. नाही तर स्प्रिंगच्या ताणाने झिजलेला बॉल जॉइंट आवळून राहतो आणि निर्दोष भासतो.

बुशासाठी लहान पहार घेऊन आर्म हलकेच उकलून पाहावा. रबर चिरलेले किंवा लोखंडापासून सुटलेले असेल, तर दिसते. करकर कोणत्या बुशाची, हे कळत नसेल तर एकेका बुशावर थोडे साधे पाणी टाकावे. ज्यावर पाणी पडताच करकर क्षणभर थांबते, तो अपराधी. पाणी म्हणतो, डिझेल नव्हे. गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जुने इंजिन-तेल फवारण्याची आपल्याकडे चाल आहे. त्याने दोन दिवस आवाज बसतो, पण तेलाने रबर फुगते आणि लवकर कुजते. शॉकअपची परीक्षा म्हणून गाडीचा कोपरा दाबून सोडतात. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. डोलतच राहिली तर शॉकअप संपला. मात्र अर्धवट थकलेला शॉकअप या परीक्षेत पास होऊ शकतो, म्हणून त्याच्या अंगावर तेलाचे ओघळ आहेत का, हेही पाहावे. थकलेल्या शॉकअपने चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, आणि टेकलेले नसलेले चाक ब्रेकही घेत नाही. म्हणजे हा नुसता सुखाचा प्रश्न नव्हे. पाट्यांच्या गाडीत प्रत्येक पान दिव्याच्या उजेडात निरखावे, आणि मधला सेंटर बोल्ट तुटून आस मागे सरकला नाही ना, ते पाहावे.

निदान झाले की उपचार अर्धा झाला. उरलेल्या अर्ध्याचे चार नियम सांगतो. एक : शॉकअप एका आसाचे दोन्ही एकदम बदलावेत, एक नवा आणि एक थकलेला अशी जोडी गाडी एका अंगाला ओढते. दोन : रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवून, वजन पडल्यावर आवळावेत. नाही तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि थोड्याच महिन्यांत फाटतो. "नवे सामानच नकली" म्हणून जी ओरड होते, तिच्यातील काही या एका चुकीची असते. तीन : स्ट्रटची स्प्रिंग घरी उघडू नये. दबलेल्या स्प्रिंगेत जीव घेण्याइतकी ताकद असते. ती आवळून धरणारे अवजार आणि ते वापरणारा हात, दोन्ही हवेत. चार : बॉल जॉइंट आणि टाय रॉड यांना वेल्डिंग नको, ठोकाठोक नको, भंगारातला भाग नको. नवा घालावा, त्याची कॉटर पिनही नवी घालावी, आणि नंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी.

सगळ्याच आवाजांची सारखी भीती बाळगावयाची नाही. कोरड्या बुशाची करकर महिनाभर सहन केली तर कान दुखतील, इतकेच. परंतु बॉल जॉइंटची ढिलाई, पाट्याचे मुख्य पान किंवा सेंटर बोल्ट तुटणे, आणि चाकाचे नट सैल होणे, या तीन गोष्टी दिसल्या तर गाडी जागची हलवू नये. लग्न असो, बाजार असो. ज्याला पैशाची ओढ आहे त्याने करकर थांबवावी उद्या आणि सांधा बदलावा आज. आपण पुष्कळदा नेमके उलट करतो, कारण करकर ऐकू येते आणि सांध्याची ढिलाई हात लावल्याशिवाय कळत नाही.

आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न. चुकीचे भाग का बदलले जातात? आमचे उत्तर स्पष्ट आहे : आपण भागाचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. डॉक्टराने तपासून "औषध नको, विश्रांती घ्या" म्हटले, तरी आपण त्याची फी देतो. मिस्त्रीने मात्र दोन तास गाडीखाली पाठ घासली, एक बोल्ट आवळला आणि आवाज घालविला, तर आपण म्हणतो, "एक बोल्ट आवळण्याचे एवढे पैसे?" मग त्याने काय करावे? पोट त्यालाही आहे. ज्या भागात त्याला चार पैसे सुटतात, तो भाग तो बदलतो. या व्यवहारात लबाडी शोधण्यापूर्वी आपण त्याला प्रामाणिकपणाची मजुरी देऊ केली होती का, हे विचारावे. जो समाज शोधून काढण्याच्या कष्टाला मोल देत नाही, त्याच्या पदरी बदलून टाकण्याचा खर्च येतो. आणि हे मोटारीपुरतेच खरे आहे, असे आम्हांस वाटत नाही.

म्हणून मागणे दोनच. गॅरेजात गेल्यावर भागाचे नाव सांगू नका, लक्षण सांगा : कोणत्या वेगात, कोणत्या रस्त्यावर, वळताना की ब्रेक लावताना, कोणत्या कोपऱ्यातून. आणि मिस्त्रीला सांगा, "आधी शोधा, शोधण्याची मजुरी निराळी देतो. बदललेला जुना भाग मला दाखवा." तो जुना भाग हातात घेऊन त्याची झीज स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दोन-तीन वेळा असे झाले, की मिस्त्रीलाही हुरूप येईल, त्याच्या हाताखालचा पोरगाही नुसते खोलणे-बसविणे सोडून विचार करावयास शिकेल, आणि आपल्या गावात भाग बदलणाऱ्यांबरोबर निदान करणारेही तयार होतील.

उन्हाळ्याचे दिवस आहेत, लग्नसराई आहे, गाड्या माणसांनी भरून निघतील. निघण्यापूर्वी अर्धा तास काढा, डिकी रिकामी करा, काचा उघडा आणि गावातून एक फेरी मारून गाडी काय म्हणते ते ऐका.